तालमींच्या दुपारच्या वेळा बायकांना द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवं वर्ष लागलं की पेपरच्या घडीतून जिमची पत्रकं पडायला लागतात. वर्षाची फी एकदम भरा, तीन महिने फुकट, ऑफर फक्त रविवारपर्यंत. माझ्या दुकानात ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका ती पत्रकं पर्समधून काढून दाखवतात आणि विचारतात, "ताई, लावू का जिम?" मी सांगलीच्या गावभागात शिवणकाम करते. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मशीनवर बसले आहे. मी डॉक्टर नाही, ट्रेनर नाही. तरी हे पत्र लिहायला घेतलं, कारण वय वाढताना बाईच्या शरीराचं काय होतं ते टेप हातात घेऊन मला जितकं जवळून दिसतं, तितकं तिच्या घरच्यांनाही दिसत नसेल.

मागणी आधीच सांगते. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये गल्लोगल्ली तालमी आणि व्यायामशाळा आहेत. पहाटे आणि संध्याकाळी तिथं पोरं असतात. दुपारी बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. त्या दुपारच्या वेळात बायकांना महिन्याच्या फीवर वजनांचा व्यायाम करू द्या. ज्या बायकांना जिम परवडतं आणि जमतं त्यांनी जरूर जावं, पण वर्षाचे पैसे एकदम मागू नका, आणि पैसे परतीची अट पावतीवर मराठीत छापा. एवढंच म्हणायचं आहे, पण ते का म्हणते ते सविस्तर लिहिते.

माझ्याकडे मापाच्या जुन्या वह्या आहेत. एकेका बाईचं माप वीस-वीस वर्षांचं. छाती-कंबर वाढते, ते तर सगळ्यांना आरशात दिसतं. वहीत दिसतं ते वेगळंच. चाळिशी ओलांडली की हळूहळू पुढची उंची कमी आणि मागची उंची जास्त भरायला लागते. म्हणजे पाठ वाकायला लागली, खांदे पुढं आले. जुन्या मापावर शिवलं तर ब्लाउज मागून वर चढतो आणि पुढं गळ्याशी झोळ येतो. दंडघेर वाढलेला असतो, पण तीच बाई दोन साड्यांची पिशवी काउंटरवर ठेवताना दुसऱ्या हाताचा आधार घेते. एक खांदा खाली उतरलेला असतो, बहुतेक वेळा पर्स अडकवायचा. आणि सगळ्यात आधी कळतं ते हुकांवरून. वर्षानुवर्षं मागच्या हुकाचा ब्लाउज घालणारी बाई एक दिवस म्हणते, "ताई, या वेळी हूक पुढं घ्या." मी विचारलं की सांगते, हात मागं जात नाही. कुणाचा हात वर जात नाही म्हणून बाहीचा मुंढा सैल मागते. खांदा असा आखडणं चाळीस ते साठ या वयात पुष्कळ दिसतं, आणि साखरेचा आजार असला तर आणखीच. दुखणं म्हणून सांगायला या बायका कुणाकडे जात नाहीत. त्या फक्त हूक पुढं घ्यायला सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आता मी नुसतं माप लिहून घेत नाही, विचारते.

माझी स्वतःची मान दोन वर्षांपूर्वी धरली. दिवसभर मान खाली घालून काम, त्यामुळे उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले त्यांनी शेक दिला, मानेचे व्यायाम शिकवले आणि वर सांगितलं, "हे तात्पुरतं आहे. पाठीचे, दंडाचे आणि मांड्यांचे स्नायू वाढवल्याशिवाय सुटका नाही. चालणं चालू ठेवा, पण वजनं उचला." मी म्हटलं, मी रोज आमराईत फिरायला जाते की. त्या म्हणाल्या, चालल्यानं दम वाढतो, ताकद वाढत नाही.

नंतर मुलाकडून माहिती काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे मार्गदर्शन दिलं आहे, त्यात मोठ्या माणसांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, हे आहेच. ते आपल्याला ऐकून माहीत असतं. त्याच्याच जोडीला लिहिलेलं दुसरं कुणी सांगत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. पासष्टीनंतर तर त्यात तोल सांभाळायचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत. पाळी गेल्यावर बाईची हाडं वेगानं ठिसूळ होतात आणि हाडांवर भार पडला तरच ती टिकून राहतात. पुरुषांपेक्षा आम्हाला वजनांची गरज जास्त आहे, आणि वजनांच्या खोलीत आम्हीच नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर एक साधी चाचणी आहे. हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, ३० सेकंद. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला या वेळात १२ वेळाही उठता आलं नाही तर पायातली ताकद कमी झाली, पडण्याचा धोका आहे, असं समजतात. माझ्या दुकानात स्टूल आहे, तिथं मी कितीतरी जणींना करायला लावलं. पन्नाशीच्या आतल्या बायकासुद्धा गुडघ्यावर हात टेकतात.

ताकद कशाला हवी, हे सांगलीकरांना तरी समजवायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा घरातले पुरुष सासूबाईंना घेऊन आधी पुढं गेले होते. मशीनची मुंडी, इस्त्री, गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी मी आणि शेजारच्या वहिनींनी मिळून माडीवर नेली. मुंडी लोखंडाची, जुन्या पद्धतीची. जिन्यात मधेच थांबावं लागलं आणि खाली पाणी वाढत होतं. त्या दिवशी दंडात जे होतं त्यावर माझा धंदा वाचला. आज तेवढं उचलता येईल का, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात पडतो.

म्हणून मी व्यायामाची जागा शोधायला निघाले. शहरातल्या काही जिममध्ये जाऊन विचारलं, बरोबर जाऊबाई होत्या. बहुतेक ठिकाणी आधी काचेच्या केबिनमध्ये बसवलं, उंची-वजन घेतलं आणि पॅकेजचा कागद पुढं केला. एका ठिकाणचा हिशोब सांगते. महिन्याला दीड हजार, वर्षाला नऊ हजार. ऐकायला वर्षाचं स्वस्त वाटतं. पण नऊ हजारात महिन्याच्या दरानं सहा महिने होतात. म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जास्त गेलात तरच फायदा. चौथ्या महिन्यात सुटलं तर तीन हजार बुडाले. आणि आमच्यासारख्यांचं सुटतं ते आळसानं नाही. मुलीचं बाळंतपण येतं, लग्नसराई येते, सासूबाई आजारी पडतात, पुराच्या वेळी तर गावच सोडावं लागतं. बाईच्या वर्षात सलग बारा महिने तिचे स्वतःचे कधी असतात? रंग जातो की राहतो ते न बघता अख्खा तागा घेण्यासारखं ते आहे, आणि कापडाच्या धंद्यात असं कुणी करत नाही.

त्या जागी वजनांच्या भागात गेलो तर सगळी तरुण मुलं. मुलं सभ्य होती, तक्रार नाही. पण आम्हाला बघून ट्रेनरनं सरळ ट्रेडमिलकडे नेलं. "लेडीजसाठी कार्डिओ इकडं आहे." मी डंबेल कुठं आहेत विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्यासाठी पर्सनल ट्रेनिंग घ्या." त्याचे पैसे वेगळे, आणि ते मूळ फीपेक्षा जास्त. वेळही बघा: लेडीज बॅच सकाळी सहा ते सात, म्हणजे डबे करायची वेळ, नाहीतर संध्याकाळी सात ते आठ, म्हणजे स्वयंपाकाची. दुपारी दोन ते चार जिम बंद. घरात बसणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, पापड-शेवया करणाऱ्या, शाळेच्या पोषण आहारावर असणाऱ्या बायकांना जो वेळ मोकळा मिळतो, नेमका तोच.

आमच्या ओळखीच्या एका अंगणवाडी सेविकेनं अशाच एका जिममध्ये वर्षाची फी भरली. बाईंची वेगळी बॅच, शिकवायला बाई ट्रेनर, असं सांगून पैसे घेतले होते. दोन महिन्यांत त्या ट्रेनर सोडून गेल्या, बॅच बंद केली आणि हिला सांगितलं, रात्रीच्या मिक्स बॅचला या. तिला ते शक्य नव्हतं. पैसे मागितले तर पावतीच्या तळाशी बोट दाखवलं: फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत. तिचा महिन्याचा पगार किती असतो ते सगळ्यांना माहीत आहे. चार महिने साठवून तिनं ते पैसे भरले होते. नवऱ्याला काय सांगू म्हणून माझ्या दुकानात बसून रडली.

अशा वेळी काय करता येतं ते आम्ही मग शोधून काढलं, आणि ते इतरांना कळावं म्हणून लिहिते. पावतीवर "परत मिळणार नाही" छापलं म्हणून विषय संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जी सेवा कबूल केली ती दिली नाही तर ती सेवेतली त्रुटी आहे, आणि अशी सेवा बंद करून पैसे परत द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत द्यायचे असतात. एकतर्फी, ग्राहकाचं नुकसान करणाऱ्या करारालाही या कायद्यात "अनुचित करार" म्हणून आव्हान देता येतं. आधी दुकानदाराला लेखी पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा, तिथं मराठीतही बोलता येतं. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. आम्ही लेखी पत्र दिलं, हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. मालकानं बरीच घासाघीस करून उरलेल्या महिन्यांतले निम्मे पैसे दिले. ती दमली होती, तिनं ते घेतले. माझं मत अजूनही हेच आहे की पुरे मिळायला हवे होते.

आणखी एक पैशाची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योगवर्गांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बारा हजारांच्या फीवर आधी २,१६० रुपये कर पडायचा, आता ६०० पडायला हवा. पावतीवर कर वेगळा लिहिला आहे का, आणि किती टक्क्यांनी, ते बघा. ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही त्याला कर म्हणून एक रुपयाही घेता येत नाही.

जिमला पर्याय म्हणून बाकीचंही करून बघितलं, थोडक्यात सांगते. आमराईत किंवा घाटावर चालणं चांगलं, मनाला बरं वाटतं, मी ते सोडणार नाही. बागांमध्ये बसवलेल्या ओपन जिमची यंत्रं सांधे मोकळे करायला ठीक, पण त्यांच्यावर भार वाढवता येत नाही. आज जितका जोर लागला तितकाच वर्षभरानं लागणार, मग ताकद कशी वाढेल? त्यातली निम्मी यंत्रं कुठं ना कुठं करकरत असतात, बोल्ट पडलेले असतात, ते महापालिकेनं बघावं. योगवर्गानं मला झोप लागायला लागली. पोहणं गुडघेदुखीला उत्तम, पण पाण्यात हाडांवर भार पडत नाही. मोबाइलवर बघून घरी करणाऱ्या मैत्रिणी आहेत, त्यातल्या ज्यांना घरात एक तास कुणी हाक मारत नाही त्यांचं चालू राहिलं.

सूर्यनमस्काराचं मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तो आपल्याच भागाचा वारसा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तो घराघरांत पोचवला, आपल्या संस्थानातल्या शाळांत चालू केला. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी तेव्हा औंध संस्थानातच होती. पैसे लागत नाहीत, सतरंजीएवढी जागा पुरते, दंड आणि पोट घट्ट होतं. मी रोज घालते. पण एक गोष्ट अनुभवानं कळली: त्यात सगळं ढकलणं आहे, ओढणं नाही. वाकलेल्या पाठीला, पुढं आलेल्या खांद्यांना सरळ करायचं तर काहीतरी आपल्याकडे ओढावं लागतं, वजन उचलून कोपर मागं न्यावं लागतं. मान खाली घालून काम करणाऱ्या सगळ्या जणींना, शिवणारी असो, भाकऱ्या थापणारी असो की कॉम्प्युटरवर बसणारी, हाच व्यायाम कमी पडतो. तो करायला वजन लागतं, दोरी लागते, बार लागतो. आणि हे सगळं तालमीत पडून आहे.

हे मी ऐकीव लिहीत नाही. आमच्या बाजूच्या एका मंडळाच्या व्यायामशाळेत आम्ही काही जणी जाऊन बोललो. पहिल्यांदा पदाधिकारी गप्प बसले. मग एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "इथं मारुतीरायाची मूर्ती आहे, बायका आजवर आल्या नाहीत." त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांनी आयुष्य त्या तालमीला दिलं आहे, अजूनही पहाटे येऊन स्वतः झाडून घेतात. आम्ही सांगितलं, हौदातल्या मातीत उतरायचा आमचा हट्ट नाही, बाजूच्या खोलीत वजनं आहेत तेवढी वापरू द्या. त्यांनी बैठकीत विषय घेतला आणि आठवड्यातून तीन दुपारी, तीन ते साडेचार, खोली दिली. महिन्याला दोनशे रुपये. एक महिना नाही आलं तर त्या महिन्याचे नाहीत.

ती खोली म्हणजे काय, तर भिंतीला टेकून मुदगलांच्या जोड्या, लोखंडी बार, गंजलेल्या चकत्या, एक लाकडी बाक आणि छताला बांधलेला दोर. एसी नाही, आरसा नाही. चकत्या आम्ही पॉलिश पेपरनं घासून, रंग लावून घेतल्या, कारण हाताला गंज लागत होता. शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षिका येतात. त्यांची शिकवायची रीत मला फार पटली. पहिले दोन आठवडे त्यांनी वजनाला हात लावू दिला नाही. बाकावर बसायचं आणि उठायचं. गुडघे आत येतात का, टाच उचलते का, हे खाली बसून बघायच्या. मग रिकामा बार. बार दोन्ही हातांनी धरून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून पोटाकडे ओढायचा, आणि वर आल्यावर पाठीची दोन्ही पाती एकमेकींकडे आणून क्षणभर थांबायचं. श्वास कोंडायचा नाही. बी.पी.च्या बायकांना तर त्यांनी हे दहा वेळा बजावलं, आणि डॉक्टरांना विचारून आलात का ते पहिल्याच दिवशी विचारलं. दहा वेळा आरामात झालं की पुढच्या आठवड्यात छोटी चकती. कुणी किती उचललं ते एका वहीत लिहितात. त्या वहीत आकडे वाढतात तेव्हा बायकांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी दागिने घेतानाही बघितलेलं नाही.

ज्या अंगणवाडी सेविकेचे पैसे अडकले होते, ती येते. माझ्या मापाच्या वहीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात, त्यांना पहिल्या दिवशी हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. मुंग्या यायचा माझा त्रास कमी झाला आहे, सलग शिवायला बसले तरी. एकीची सून तिला स्कूटरवरून सोडायला यायची, ती बाहेर उभी राहून बघायची, आता तीही आत येते. साडीवर येणाऱ्या बायकांना बैठका मारताना अडचण व्हायची, म्हणून मी सुती सलवारी शिवून दिल्या, कंबरेला नाडी, मांडीला सैल.

तालीम ही पुरुषांचीच, असं म्हणणाऱ्यांना मला विनम्रपणे आठवण करून द्यायची आहे. २०२३ च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्याच सांगलीत झाली आणि ती आपल्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. तेव्हा साऱ्या शहरानं अभिमानानं फलक लावले. ज्या शहरातली मुलगी महाराष्ट्र केसरीची गदा घेते, त्या शहरात तिच्या आईच्या वयाच्या बाईला चार किलोची चकती उचलायला जागा मिळू नये, हे बरोबर नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली उभं राहिलं, १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुली दोरीच्या मल्लखांबावर तयार होतात. या संस्था लोकवर्गणीतून, लोकांच्या कळवळ्यातून वाढल्या. आपल्या तालमीही तशाच वाढल्या. वर्गणी देणाऱ्या घरांत बायका होत्याच ना?

मंडळांच्या अडचणी मी ऐकल्या आहेत, त्या खऱ्या आहेत. दुपारी किल्ली कुणाकडे ठेवायची, कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची, बाथरूम नाही. किल्ली आम्ही सही करून घेतो आणि साडेचारला परत देतो. प्रथमोपचाराची पेटी आम्ही आमच्या पैशानं आणली. बाथरूमचा प्रश्न मोठा आहे आणि तो मंडळांवर टाकणं योग्य नाही. महापालिकेनं ज्या व्यायामशाळा बांधून मंडळांना चालवायला दिल्या आहेत, निदान तिथं तरी बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून द्यावं आणि करारात बायकांच्या वेळेची अट घालावी. नगरसेवकांच्या निधीतून नवी ओपन जिम बसवण्यापेक्षा या कामाला पैसे गेले तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवायला माणूस कुठून आणायचा, असंही विचारतात. शहरात निवृत्त क्रीडाशिक्षिका आहेत, जुन्या खेळाडू मुली आहेत, ज्यांना लग्नानंतर मैदान सुटलं. त्यांना बोलवा, मानधन द्या. आमच्या दोनशे रुपयांतूनच ते दिलं जातं.

जिमवाल्या भावांनाही विनंती आहे. तुमचं भाडं, विजेचं बिल, यंत्रांचे हप्ते मला कळतात, मीही धंदा करते. पण दुपारी दोन ते चार तुमचा हॉल रिकामाच असतो. त्या वेळी बायकांना कमी दरानं, महिन्याच्या फीवर येऊ द्या, आणि आल्यावर ट्रेडमिलकडे पाठवू नका, वजनं शिकवा.

आणि ज्या बहिणी आत्ता पत्रक हातात घेऊन विचार करत असतील, त्यांनी पैसे भरायच्या आधी आपण ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला तिथं जाऊन अर्धा तास उभं राहून बघावं. बायका वजनं उचलताना दिसतात का? शिकवणारा चूक दुरुस्त करतो की मोबाइल बघतो? घरापासून चालत दहा मिनिटांत पोचता येतं का? पहिला महिना महिन्याच्याच दरानं भरावा, जास्त पडला तरी चालेल. आणि त्याआधी आपल्या गल्लीतल्या तालमीचं दार वाजवून विचारावं. एकटीनं जाऊ नये, चार-पाच जणींनी मिळून जावं, वेळ कोणती हवी आणि फी किती देणार ते ठरवून जावं.

ज्या मंडळांना ही सोय चालू करायची असेल त्यांनी आमची व्यवस्था येऊन बघावी. फीचा हिशोब, वहीचा नमुना, व्यायामाचा क्रम, सगळं आम्ही लिहून देऊ. मुदगलांना आणि बारला सुती कापडाच्या मुठी शिवून द्यायचं काम मी फुकट करून देईन.

आपली विश्वासू,
एक शिवणकाम करणारी वाचक,
गावभाग, सांगली